एका कार्डावर दोन खोकले

मी मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. चौथीत गेलो नाही तो बापाला लावणीला माणूस कमी पडत होता म्हणून. मला येत नव्हतं म्हणून नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या सहीची गोष्ट येणार आहे आणि लोकांना वाटतं, कारखान्यात खळ ढवळणाऱ्याला सही कुठली येणार. येते. आडनावासकट येते.

हे लिहितोय ते खोकणाऱ्यांसाठी, आणि त्यातही खोकला लपवणाऱ्यांसाठी. टीबी कशानं होतो, छातीत काय होतं, ते डॉक्टर सांगतील. खरं सांगतात की कसं ते तुमचं तुम्ही ताडून बघा. मी फक्त माझ्यावर काय गेलं तेवढंच सांगणार. त्यातलं निम्मं आजाराचं आहे, निम्मं एका पुठ्ठ्याच्या कार्डाचं.

*

ऐंशी साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं वय पन्नाशीपुढचं. कोन गावातून सायकल मारत नारपोलीला सायझिंगमध्ये जायचो. सायझिंग म्हणजे लूमवर चढायच्या आधी सुताला खळ पाजतात तो कारखाना. टाकीत खळ शिजवायची, वाफ अंगावर घ्यायची, सुताचा भुगा नाकात घ्यायचा. चोवीस वर्षं तेच केलं. खोकला तिथे सगळ्यांनाच. ज्याला खोकला नाही तो नवीन.

एके दिवशी टाकीपाशी खोकल्याची ढास लागली ती थांबेना. टॉवेल तोंडाला लावला, काढला, तर लाल. मी टॉवेलाची घडी घातली, लाल बाजू आत, आणि कमरेला खोचला. पण मुकादमानं बघितलं होतं.

"चांगो, खून गिरा ना? छुट्टी लेके डॉक्टर को दिखाओ।"

"पान खाया है," मी म्हणालो.

"तुम पान कब से खाने लगा?"

मला लगेच कळलं. त्याचा भाचा गावाहून येऊन दोन महिने बसून होता. माझी जागा रिकामी झाली की भाचा टाकीवर. म्हणून मी रजा घेतली नाही. पंधरा दिवस मुद्दाम सगळ्यांच्या आधी कामावर गेलो. तो मुकादम मला रोज विचारायचा आणि मी रोज त्याला पान सांगायचो. पुढे मी तीन महिने कामावर नव्हतो, तेव्हा त्यानं माझी जागा कोणाला दिली नाही. भाचा कल्याणला भाजीच्या गाडीवर लागला होता. पण तेव्हा मला हे कसं कळणार? आणि कळलं असतं तरी मी मानलं नसतं.

*

शेवटी ताप उतरेना तेव्हा नारपोलीतल्या एका डॉक्टरकडे गेलो. त्यानं छातीचा फोटो काढून आणायला लावला. तो ट्यूबलाइटसमोर धरला, बराच वेळ बघितला.

"चाचा, टीबी है।"

"कोणाला?"

"आपको।"

"फोटो माझाच हाय कशावरून?"

त्यानं कोपऱ्यात बोट ठेवलं. पांढऱ्या अक्षरात माझं नाव होतं.

"नाव काय, कोणीबी लिवील," मी म्हणालो.

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, औषध लांब चालेल, महाग आहे, पण तुमच्याकडे कारखान्याचं विम्याचं कार्ड असेल ना? मग काळजी करू नका. विम्याच्या दवाखान्यात सगळं मिळेल, पडून राहायला हॉस्पिटल मिळेल, घरी बसल्याचा पगार पण थोडाफार मिळेल.

आता बघा, हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात पाठवणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. मला वाटलं, याला दिसतंय की हा मरणार, म्हणून आपल्या दारात नको.

परत येताना कोनच्या नाक्यावर चहा घेतला. अर्धा प्यायलो आणि एकदम ध्यानात आलं की हा ग्लास आता दुसरा कोणी तोंडाला लावणार. मी ग्लास हातातून सोडला. चहावाला ओरडला, "चांगोशेठ, हात थरथरायला लागलं काय?" मी म्हटलं, हां, म्हातारा झालो. पहिल्यांदाच कोणाला तरी म्हातारा झालो असं कबूल केलं. त्या दिवसाचं पुढचं मला काही आठवत नाही, तो ग्लासच आठवतो.

*

आमच्या घरात कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत असायची. सातबारा, रेशनकार्ड, माझा तिसरीचा दाखला, आणि विम्याचं कार्ड. ते मी कधी वापरलं नव्हतं. कापून घेतात पगारातून, घ्या म्हणावं. दवाखान्यात जाणारा मी माणूस नव्हतो.

पेटी उघडली. सगळं होतं, कार्ड नव्हतं.

"हिरू, पेटी कोणी उघडली?"

माझी बायको चुलीपाशी होती. मागे वळली नाही. "उंदरान नेला आसंल."

"उंदीर रेशनकार्ड ठेवतो आनि विम्याचा कार्ड नेतो? त्याला बी कारखान्यात लागायचा हाय काय?"

माझा संशय चहूकडे गेला. मुकादमाचा भाचा दिवाळीला घरी येऊन गेला होता. हिरूचा भाऊ येऊन गेला होता, तो तर कायम कुठल्या ना कुठल्या कागदासाठी हिंडणारा. मालकाचा माणूस मागे एकदा कार्डं तपासायला मागत होता. मी रात्रभर यादी करत बसलो नाही, कारण ताप होता, पण सकाळपर्यंत सात नावं तयार होती. त्यात हिरूचं नाव नव्हतं. संशयी माणसाचं हे असं असतं, गावभर बघतो आणि चुलीकडे बघायचं राहतं.

*

विम्याचं ऑफिस एका इमारतीच्या माडीवर होतं, खाली दवाखाना. खिडकीत एक बाई बसायच्या. चष्मा, नीट चापूनचोपून नेसलेली साडी, बोलणं पुस्तकातल्यासारखं.

"कार्ड हरवलं असा अर्ज करा, काका."

"हरवलं न्हाय. माझ्याकडून वस्तू हरवत न्हाय. कोणीतरी नेलंय."

"म्हणजे चोरी. मग पोलीस ठाण्याचा दाखला लागेल. कोणावर संशय आहे?"

मी सांगायला लागलो. मुकादम, त्याचा भाचा, माझा मेव्हणा. चौथ्या नावाला बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, रकाना एवढाच आहे."

मागच्या रांगेतली माणसं हसली. मी वळून एकेकाकडे बघितलं, तेव्हा गप्प झाली. बाईंनी माझा नंबर कारखान्याच्या चिठ्ठीवरून घेतला आणि खालून दवाखान्याचं जाडं रजिस्टर मागवलं. पानं उलटता उलटता थांबल्या.

"तुमचं नाव आहे की इथे. गेल्या वर्षी. टीबी. चार महिने औषध नेलंय आणि मग बंद. का बंद केलंत? हे असं अर्धवट सोडता आणि मग धावत येता."

"मी या जिन्यावर आज पयल्यांदा चढतोय."

"मग हे कोण?" त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्याकडे केलं. माझं नाव, माझा नंबर, आणि समोर निळे अंगठे. ओळीनं अंगठेच अंगठे.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. "मी अंगठा देत न्हाय! मी सही करतो! गोळ्या तुमी लोक बाहेर विकता आनि अंगठे आमच्या नावावर लावता, मना कळत न्हाय काय?"

ओरडता ओरडता मला खोकला आला, असा की खिडकीचा गज धरावा लागला. बाईंनी चष्मा काढला.

"आधी बसा. पाणी प्या. मग ओरडा."

पाणी मी प्यायलो नाही. कोणाच्या हातचं असेल सांगता येत नाही. बाईंनी मग हळू आवाजात सांगितलं ते असं. तो माणूस मी नसेन, तर दुसऱ्या कोणीतरी माझ्या नावावर औषध घेतलं. तो गुन्हा आहे. चौकशी लागेल. कारखान्यात विचारतील, घरी येतील, पोलीस पण येतील. चौकशी संपेस्तोवर नवं कार्ड नाही. आणि तो माणूस मीच असेन, तर आठ दिवसांत कार्ड.

"मंजे मी खोटं बोलू?"

"मी तसं म्हटलेलं नाही. मी फक्त रकाने सांगतेय."

"चौकशी करा," मी म्हणालो. "उद्याच करा."

*

घरी येऊन मी हिरूला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पोलीस येणार, एकेकाचे अंगठे घेणार, चोर घरापर्यंत येऊन सापडणार. ती भात वाढत होती. हातातला पळा तिनं खाली ठेवला आणि तिथेच बसली.

"पोलिसांना नका बोलवू. कार्ड मी दिला."

"कोणाला?"

"ताराबायला."

ताराबाय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, जोमाची बायको. आमचं घर एकच, मध्ये भिंत घातलेली, पुढची पडवी सामाईक. त्या पडवीत दोन वर्षं मी आणि जोमा पाठीला पाठ लावून बसत होतो, पण बोलत नव्हतो.

त्याचं कारण सांगतो. आमची खाडीकाठची खारी जमीन आहे, तिला खाजण म्हणतात. तिचा सगळा जीव बांधावर. मोठ्या उधाणाला खाडीचं पाणी बांध फोडतं, तेव्हा घरटी एक माणूस चिखलात उतरतो आणि भगदाड बुजवतो. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण ज्या घरचा माणूस येत नाही त्याला गाव विसरत नाही. त्या वर्षी आमच्या तुकड्यापाशीच बांध गेला. हाका मारून मारूनही जोमा आला नाही. दारात उभा दिसला मला, घोंगडी पांघरून. खारं पाणी शेतात भरलं आणि दोन हंगाम भाताचं पान आलं नाही. मी गावासमोर बोललो, याला माझा भाऊ म्हणू नका. मला वाटलं, मी कारखान्यात कमावतो म्हणून याचं पोट दुखतंय, म्हणून माझं बुडू दिलं.

"त्या दिशी त्याच्या तोंडातून रगत आला व्हता," हिरू म्हणाली. "पोरीचा लगीन ठरत व्हता. बाप टीबीवाला कळला आसता तर कोण घेऊन गेला आसता तिला? तारा माझ्या पायाशी पडली."

"आनि मना नाय सांगितलास?"

"सांगितला आसता तर कार्ड दिला आसता तुमी?"

मी जेवायला लागलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "चाळण मागतात, देतो. बैल मागतात, देतो. मना वाटला, पेटीत नुसता पडलेला हाय, चार म्हयने त्यांच्याकडं ऱ्हायला तर काय झिजतंय."

कार्ड कुठे आहे विचारलं, तर ते खाडीत. चार महिन्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरनं जोमाला सहज विचारलं होतं, सायझिंगमध्ये नक्की काय काम करतोस, खळीत काय काय घालता? जोमानं जन्मात सायझिंग बघितलेलं नाही. तो जो उठला तो परत गेला नाही. येता येता कार्ड फाडून पाण्यात टाकलं. तोवर पोरीचं लग्न उरकलं होतं, खोकलाही कमी होता, म्हणून त्याला वाटलं झालं बरं.

भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी वर्षभर ऐकत होतो आणि मला वाटायचं, हा मला चिडवायला खोकतोय.

*

तीन दिवस मी घरात बसलो. हिरूनं माझी ताटवाटी वेगळी केली नाही, मीच केली. ती म्हणाली, आता काय उपयोग, पस्तीस वर्षं एका घरात हाय. मी तिच्याशी भांडलो. भांडण ताटाचं नव्हतं.

चौकशी झाली असती तर जोमाला नेलं असतं. कार्ड नसतं तर मी गेलो असतो. दोन्हीकडे नुकसान एकाच घराचं, भांडी एकाच पडवीत घासली जातात.

चौथ्या दिवशी माडी चढलो. चढताना दोनदा थांबलो.

"तो मीच व्हतो," मी बाईंना म्हणालो.

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. "त्या दिवशी नव्हतात."

"त्या दिशी ताप व्हता."

"आणि अंगठा? तुम्ही तर सही करता."

"कवा कवा कंटाळा येतो सहीचा."

बाईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला. माझ्या खिशात पेन होतं. मुद्दाम शाई भरून, टोपण पुसून आणलं होतं. मी अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. बापानं दिला होता तसा, आजानं दिला होता तसा. घरात पहिला सही करणारा मी, आणि मी अंगठा दिला. लोक शाई डोक्याच्या केसांना पुसतात. मी ती पुसली नाही. मूठ मिटून खाली उतरलो.

जाताना बाई म्हणाल्या, "काका, कार्ड मी करून देते. पण डॉक्टरांना जे काय ते खरं सांगा. त्यांच्या रकान्यावरून औषध ठरतं, माझ्या रकान्यावरून नाही."

मला वाटलं, हिला काहीतरी हवंय. अकराव्या दिवशी कार्ड घ्यायला गेलो तेव्हा पिशवीतून दोन नारळ नेले. त्यांनी परत दिले. तरी मला वाटलं, नारळ कमी पडले.

*

हॉस्पिटल लांब होतं, झाडीत. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेखाली थुंकायचा झाकणाचा डबा. पहाटे सिस्टर दिवा लावायची, मग सुई, मग गोळ्या, मग दूध आणि उकडलेलं अंडं. दुधात पाणी आहे अशी माझी खात्री होती. मी ते बोटावर घेऊन भिंतीवर ओघळवून बघायचो.

शेजारच्या खाटेवर रफिकभाई, नारपोलीतलाच लूमवाला, हातापायाच्या काड्या झालेला. दुसऱ्या दिवशी मी लघवीहून आलो तो सरळ त्याच्या खाटेवर बसलो.

"रफिकभाई, मना मारायला लागले."

"क्या हुआ?"

"लाल. पूरा लाल. शेंदरासारखा."

तो हसायला लागला तो खोकेपर्यंत हसला. "अरे चाचा, वो कॅप्सूल का रंग है। सबका होता है। मेरा देखोगे?"

मी म्हटलं नको. तरी दोन दिवस कॅप्सूल जिभेखाली धरून बाहेर थुंकली. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं पकडलं. केरळकडची होती, उंचीला माझ्या खांद्याएवढी. "अप्पा, मुँह खोलो। जीभ ऊपर।" पन्नाशीच्या माणसाला असं करायला लावतात! मी तोंड उघडलं. त्यानंतर ती रोज माझ्यापाशी उभी राहायची. महिनाभरानं माझं वजन वाढायला लागलं, आणि मला तिचा राग यायचा बंद झाला. रविवारी ती घरून लिंबाचं लोणचं आणायची आणि माझ्या आणि रफिकभाईच्या भातावर एकेक फोड ठेवायची. आजारपणातलं आठवत राहतं ते हेच.

हिरू दर गुरुवारी यायची. मुकादमानं माझी जागा कोणाला दिली नाही, हे तिच्याकडूनच कळलं. मी एकदाच विचारलं, जोमा कसा आहे? ती म्हणाली, पडवीत झोपतो आता, आत ढास लागली की नातू उठतो म्हणून. पोर बाळंतपणाला आली होती त्याची.

*

मग कान वाजायला लागले. आधी बारीक, रातकिड्यासारखे, मग सायझिंगचा बॉयलर कानातच लागल्यासारखे. डॉक्टरबाई राउंडला आल्या. तरुण होत्या, माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी माझे कागद उलटसुलट केले.

"बाबा, तुम्ही गेल्या वर्षी चार महिने औषध घेऊन सोडलंत. तेव्हा पण या सुया झाल्यात. म्हणजे तुमच्यातले जंतू जुन्या औषधाला सरावलेले असणार असं मी धरून चाललेय. पुढच्या आठवड्यापासून दुसरी औषधं सुरू करायचीत. ती जड आहेत. पोटाला त्रास होईल, कानावर आणखी येऊ शकतं. दीड-दोन वर्षं चालतील. तेव्हा सांगा, मागच्या वेळी कुठल्या गोळीनं काय व्हायचं?"

मी म्हणालो, आठवत नाही.

"उलट्या व्हायच्या?"

"व्हायच्या."

"की नाही व्हायच्या?"

"न्हाय व्हायच्या."

त्यांनी कागद मिटला. "तुम्ही मला काहीतरी सांगत नाही आहात."

आता माझं गणित असं होतं. खरं सांगितलं तर ही वर कळवणार, कार्ड जाणार, खाट जाणार, नोकरी जाणार, जोमाला धरणार. नाही सांगितलं तर जोमाच्या छातीचं औषध माझ्या पोटात जाणार आणि माझे कान जाणार. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिलो. फसवणारं माणूस मला लांबून ओळखू येतं अशी माझी समजूत होती. मुकादम, खिडकीतल्या बाई, सिस्टर, तिघांच्या बाबतीत मी चुकलो होतो. मग हिच्याबद्दल तरी माझ्या डोळ्यावर किती भरवसा ठेवायचा?

"बाय," मी म्हणालो, "त्या गोळ्या मी न्हाय खाल्ल्या. माझ्या भावानं खाल्ल्या."

रफिकभाईनं कूस बदलली, तोंड भिंतीकडे केलं. ऐकू आलं नाही असं दाखवायला.

डॉक्टरबाईंनी पेन काढलं. मला वाटलं, झालं. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी खोडलं आणि वर लिहिलं.

"काय लिवलंत?"

"पहिल्यांदाच औषध घेणारा रोगी. सुया आजपासून बंद, त्यांनीच कान वाजतायत; गोळ्यांवर भागेल."

"आनि कार्ड?"

"मी पोलीस नाही, बाबा. मला फक्त छाती कोणाची आहे ते कळायला हवं. तुमचा भाऊ कुठे आहे?"

"घरी. पडवीत. आमी बोलत न्हाय."

"पण तो खोकतोय ना? अर्धवट औषधाचा माणूस घरभर देत बसतो. तुम्हाला पण त्याच्याकडूनच आलं असेल. घरात लहान मूल आहे का?"

मी चादरीची घडी नीट करायला लागलो.

"त्याला सरकारी दवाखान्यात न्या. टीबीच्या गोळ्यांना तिथे विम्याचं कार्ड लागत नाही. कोणालाही मिळतात. नाव सांगायचं, थुंकी द्यायची, गोळ्या घ्यायच्या."

"कोणालाबी? फुकट?"

"फुकट."

"कधीपासून?"

"कित्येक वर्षं."

मी खाटेवर आडवा झालो. माझी दोन वर्षं, जोमाचं कार्ड फाडणं, माझा अंगठा, हिरूचं गप्प राहणं, सगळं एका गोष्टीपायी, जी विचारायला आम्ही कोणी कोणाकडे गेलो नाही. लाजेपायी गेलो नाही. आता तुम्ही वाचताय तर एवढं तरी ध्यानात ठेवा. नाही पटलं तर जाऊन विचारा. मी पण विचारूनच घेतलं, घरी आल्यावर, दोन वेगवेगळ्या माणसांना.

*

घरी आलो तेव्हा जोमा पडवीतच होता. हाडं वर आलेली. मला बघून उठायला लागला, आत जायला.

"जोमा, बस. उद्या सकाळी माझ्यासंगती चल."

दोन वर्षांनी बोललो ते एवढंच. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुठं? पोलिसांत?"

"दवाखान्यात."

"तू गावासमोर मना काय बोललास ते मी इसरलो न्हाय. तुझ्यावर भरवसा कसा ठेवू?"

"नको ठेवूस. मी बी कोणावर ठेवला न्हाय. तरी गोळ्या लागू पडल्या."

ताराबाय दारात उभी होती, खांद्यावर नातू. ती म्हणाली, "भावजी, हा न्हाय येनार." तिनं ते असं म्हटलं की जोमाला यावंच लागलं.

सरकारी दवाखान्यातल्या खिडकीशी उभे राहिलो. आतल्या माणसानं विचारलं, नाव? जोमानं माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव सांगितलं. चार महिने तेच सांगून त्याच्या तोंडात बसलं होतं, की भीतीनं आलं, कोण जाणे. आतला माणूस लिहायला लागला.

"थांबा," मी म्हणालो. "चांगो मी. याला याचं नाव इचारा."

जोमानं आपलं नाव सांगितलं, पण इतकं हळू की पुन्हा विचारावं लागलं.

कार्ड कोणी मागितलं नाही. मी तरी माझं खिशात धरून होतो.

गोळ्या मिळाल्या. त्या खऱ्या आहेत का हे बघायला मी माझ्या गोळ्यांशी रंग ताडून बघितला. आणि घरी आल्यावर एक ठरवलं. जोमा मागच्या वेळी चार महिन्यांत पळाला होता, तो पुन्हा पळणार नाही कशावरून? पुड्या ताराबायकडे दिल्या असत्या तर त्यानं गोड बोलून गुंडाळलं असतं. म्हणून पुड्या माझ्या पेटीत, किल्ली माझ्या करगोट्याला. सकाळी कामावर जायच्या आधी मी पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभा राहायचो. पाऊस असो, उधाण असो, एक दिवस चुकवला नाही. तो शिव्या द्यायचा, मी पण द्यायचो.

"गिळली रं, दादूस."

"तोंड उघड."

"गिळली म्हनलो ना!"

"जीभ वर कर."